देहातील घड्याळ आणि कर्करोग

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याची रीत ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, त्या घरांतून अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारला जातो. वर्तमानपत्राच्या पुरवणीत रात्रीचे जेवण आणि कर्करोग यांविषयी काही छापून येते, त्याचे कात्रण या हातातून त्या हातात फिरते, आणि आजोबा नातवाला म्हणतात, "बघ, आता विज्ञानही तेच सांगू लागले!" नातू विचारतो, "पण हे खरोखर सिद्ध झाले आहे का?" आजोबांचा आनंद समजण्यासारखा आहे आणि नातवाची शंकाही रास्त आहे. मात्र या प्रश्नाचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' अशा एका शब्दात देता येत नाही. त्यासाठी प्रथम शरीरातील घड्याळ म्हणजे काय, ते कोठे असते आणि त्याचा पेशींच्या वाढीशी काय संबंध आहे, हे पाहावे लागते.

सजीवांना वेळ कळते, ही जाण फार जुनी आहे. सिकंदराच्या सैन्याबरोबर आलेल्या अँड्रोस्थेनिस नावाच्या ग्रीक अधिकाऱ्याने आजच्या बहारीन बेटावर चिंचेची पाने दिवसा उघडतात आणि रात्री मिटतात, अशी नोंद करून ठेवली होती. आपल्याकडे चिंचेखालून जाणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असते. नोंद मात्र परक्याने केली. पुढे १७२९ साली द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखी वनस्पती काळोख्या जागी ठेवून पाहिली. सूर्य दिसत नसतानाही तिची पाने वेळेवर उघडत व मिटत राहिली. याचा अर्थ असा, की ती केवळ उजेडाला प्रतिसाद देत नव्हती. दिवस-रात्रीचे मोजमाप तिच्या आतच चालले होते. भारतात मदुराई येथील प्राध्यापक एम. के. चंद्रशेखरन यांनी गुहेत राहणाऱ्या वटवाघळांवर याच विषयाचे दीर्घकाळ संशोधन केले.

हे मोजमाप करणारा भाग नेमका कोणता, याचा शोध लागला तो एका क्षुद्र जीवामुळे. पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणाऱ्या फळमाशीवर अमेरिकेतील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत सीमोर बेंझर आणि त्यांचे विद्यार्थी रोनाल्ड कोनोप्का हे प्रयोग करीत होते. १९७१ साली त्यांनी तीन प्रकारच्या विकृत माश्या शोधल्याचे प्रसिद्ध केले. एकीचा दिवस १९ तासांचा, दुसरीचा २८ तासांचा, तर तिसरीला दिवस-रात्रीचे भानच नव्हते. तिन्ही दोष एकाच जनुकातील होते. त्या जनुकाला 'पीरियड' असे नाव मिळाले. १९८४ साली जेफ्री हॉल व मायकेल रॉसबॅश यांनी, आणि स्वतंत्रपणे मायकेल यंग यांनी ते जनुक वेगळे काढले. या तिघांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बेंझर व कोनोप्का तोवर हयात नव्हते. पाया घालणाऱ्याचे नाव कळसावर दिसतेच असे नाही, ही गोष्ट मंदिरे बांधणाऱ्या समाजाला वेगळी सांगावयास नको.

या घड्याळाची रचना विलक्षण साधी आहे. मनुष्य आणि उंदीर यांच्या पेशींत 'क्लॉक' आणि 'बीमाल-वन' ही दोन प्रथिने जोडीने काम करतात आणि 'पीरियड' व 'क्रिप्टोक्रोम' या जनुकांना जागे करतात. जागी झालेली जनुके आपापली प्रथिने तयार करू लागतात. ती प्रथिने पेशीत साठत जातात, पेशीच्या केंद्रकात शिरतात, आणि ज्या जोडीने त्यांना जन्म दिला तिचेच काम थांबवतात. उत्पादन थांबले की साठाही हळूहळू झिजून संपतो. तो संपला की बंधन सुटते आणि जोडी पुन्हा कामाला लागते. या एका फेऱ्याला सुमारे २४ तास लागतात. ना चक्र, ना लंबक. निर्मिती आणि क्षय यांच्या फेऱ्यातूनच काळ मोजला जातो.

हे घड्याळ एकच नसून शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत आहे. डोळ्यांपासून येणाऱ्या मज्जातंतूंची जेथे फुली होते, तिच्या किंचित वर, मेंदूच्या तळाशी सुमारे २०,००० चेतापेशींचा एक लहानसा पुंजका आहे. तो मुख्य घड्याळाचे काम करतो. दृष्टिपटलातील काही विशिष्ट पेशी निळसर उजेडाला फार संवेदनशील असतात. त्या या पुंजक्याला बाहेर दिवस आहे की रात्र, याची वार्ता देतात. रात्री मेंदूतील पिनिअल ग्रंथीतून मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवते. प्रखर उजेड पडला की ते दबते. तेव्हा मुख्य घड्याळ उजेडावर लावले जाते. परंतु यकृताचे घड्याळ उजेडापेक्षा अन्नाच्या वेळेकडे अधिक पाहते. २००० व २००१ च्या सुमारास झालेल्या प्रयोगांत उंदरांना त्यांच्या विश्रांतीच्या वेळीच अन्न दिले गेले. काही दिवसांतच त्यांच्या यकृताचे घड्याळ उलटे फिरले, मेंदूचे मात्र होते तसेच राहिले. एकाच देहात दोन घड्याळे दोन वेळा दाखवू लागली. रात्रीच्या जेवणाचा विचार विज्ञानात शिरतो तो या दारातून.

आता कर्करोगाकडे वळावे. कर्करोग म्हणजे पेशीविभाजनावरील नियंत्रण सुटणे. प्रत्येक पेशीने केव्हा विभागावे, जनुकद्रव्यात बिघाड झाला तर थांबून तो दुरुस्त करावा की स्वतःचा अंत करून घ्यावा, यांचे कडक नियम आहेत. या नियमांची अंमलबजावणी करणारी यंत्रणा देहघड्याळाशी जोडलेली आहे, असे गेल्या पाव शतकात दिसून आले. उंदराच्या १२ अवयवांचा अभ्यास करून २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार, प्रथिने बनविणाऱ्या जनुकांपैकी सुमारे ४३ टक्के जनुकांचे काम शरीरात कोठे ना कोठे दिवस-रात्रीच्या लयीत चढते-उतरते. २००३ साली जपानी शास्त्रज्ञांनी दाखविले, की उंदराच्या यकृताचा भाग कापून काढल्यावर उरलेले यकृत पुन्हा वाढू लागते, तेव्हा पेशींनी विभागावयाची वेळ घड्याळच ठरवते.

दुरुस्तीचेही तसेच. जनुकद्रव्याच्या दुरुस्तीवरील कार्यासाठी २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळविणारे तुर्की-अमेरिकन शास्त्रज्ञ अझीझ संजार यांच्या प्रयोगशाळेत एक साधा पण बोलका प्रयोग झाला. उंदरांच्या एका गटावर पहाटे ४ वाजता आणि दुसऱ्यावर दुपारी ४ वाजता अतिनील किरण सोडण्यात आले. मात्रा तीच, किरण तेच. पहाटेच्या गटात त्वचेचा कर्करोग सुमारे पाचपट आढळला, कारण त्या वेळी त्यांच्या त्वचेतील दुरुस्ती करणारे एक आवश्यक प्रथिन सर्वांत कमी असते. हे संशोधन २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. उंदीर निशाचर असल्यामुळे माणसात ही वेळ उलटी असावी, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. तो अद्याप तर्कच आहे.

घड्याळाचे जनुकच बिघडले तर? ह्यूस्टन येथील बेलर वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी २००२ साली 'पीरियड-२' हे जनुक निकामी केलेल्या उंदरांवर गॅमा किरण सोडले. त्या उंदरांचे केस अकाली पिकले, गळले, आणि त्यांच्यात गाठींचे प्रमाण निरोगी उंदरांपेक्षा पुष्कळच अधिक आढळले. बिघडलेल्या पेशींनी मरून जावयास हवे होते, त्या मरत नव्हत्या. तैवानमध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या ५५ रुग्ण स्त्रियांच्या ऊतींची तपासणी होऊन २००५ साली असे आढळले, की ९५ टक्क्यांहून अधिक गाठींत 'पीरियड' कुलातील जनुकांचे काम शेजारच्या निरोगी पेशींहून वेगळे पडले होते. जनुक तुटले होते असे नाही. बहुतांशी त्यावर रासायनिक कुलूप बसले होते. येथे सावधगिरी हवी. घड्याळ बिघडले म्हणून गाठ झाली, की गाठ झाली म्हणून घड्याळ बिघडले, हे अशा तपासणीतून कळत नाही. उंदरांवरील प्रयोगांनी पहिल्या शक्यतेला बळ दिले आहे. २०१६ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या शास्त्रज्ञांनी फुप्फुसाच्या कर्करोगाकडे झुकलेल्या उंदरांच्या उजेड-अंधाराच्या वेळा वारंवार सरकवल्या, तेव्हा त्यांच्या गाठी अधिक वेगाने वाढल्या. जनुकाला हात न लावता केवळ रात्र हलविली, तरी हा परिणाम झाला.

पण कथा इतकी सरळ नाही, आणि ज्यांना ती सरळ हवी आहे त्यांनी पुढील प्रयोग अवश्य ध्यानात घ्यावा. संजार यांच्याच प्रयोगशाळेत 'क्रिप्टोक्रोम' जनुके काढून टाकलेले उंदीर तपासले गेले, तेव्हा किरणांमुळे त्यांना अधिक कर्करोग होतो असे दिसले नाही. इतकेच नव्हे, तर ज्या उंदरांत कर्करोगाला अडविणारे 'पी-५३' हे जनुक आधीच नव्हते, त्यांच्यातून 'क्रिप्टोक्रोम'ही काढल्यावर ते सुमारे दीडपट जगले. घड्याळ मोडल्याने आयुष्य वाढले! अनेकान्ताच्या परंपरेत वाढलेल्या श्रोत्यांना हे कोडे अपरिचित वाटू नये. 'स्यात्' या शब्दाचा अर्थ पुष्कळदा 'कदाचित' असा केला जातो, तो बरोबर नाही. 'विशिष्ट अपेक्षेने' असा त्याचा अर्थ आहे. एकच जनुक एका अपेक्षेने रक्षक ठरते, दुसऱ्या अपेक्षेने नाही. प्रत्येक विधानाला त्याची अट जोडूनच ते खरे होते, हे येथे प्रयोगशाळेनेच दाखविले आहे.

उंदरांकडून माणसांकडे येताना सर्वांत मोठा पुरावा रात्रपाळीच्या कामगारांकडून मिळतो. विजेच्या दिव्यांचा वाढता वापर आणि स्तनाचा कर्करोग यांचा संबंध असावा, अशी कल्पना अमेरिकन संशोधक रिचर्ड स्टीव्हन्स यांनी १९८७ साली मांडली. २००१ मध्ये अमेरिकेतील परिचारिकांच्या प्रदीर्घ पाहणीत, ३० वा अधिक वर्षे आलटून-पालटून रात्रपाळी केलेल्या स्त्रियांत हा धोका ३६ टक्क्यांनी अधिक आढळला. त्याहून कमी वर्षे केलेल्यांत वाढ किरकोळ होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या ल्योन येथील कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली घड्याळ विस्कटणाऱ्या पाळीच्या कामाला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात घातले. त्यानंतर डेन्मार्कमध्ये वर्षानुवर्षे रात्रपाळी करून स्तनाचा कर्करोग झालेल्या सुमारे ४० स्त्रियांना सरकारी नियमांनुसार भरपाई मिळाली. मात्र २०१६ साली इंग्लंडमधील मोठ्या पाहण्यांसह एकूण १० अभ्यास आणि सुमारे १४ लाख स्त्रिया यांचा एकत्र विचार झाला, तेव्हा धोका वाढल्याचे दिसले नाही. त्यावर टीका झाली. त्यातील अनेक स्त्रिया वयस्कर होत्या आणि त्यांची रात्रपाळी केव्हाच सुटली होती, असे आक्षेप निघाले. २०१९ साली ल्योनच्या संस्थेने सर्व पुरावा पुन्हा तपासला आणि रात्रपाळीला त्याच 'बहुधा' गटात कायम ठेवले. तंबाखूचे स्थान 'निश्चित' गटात आहे. हा फरक विसरून चालणार नाही. तंबाखूची पुडी खिशात ठेवून रात्रीच्या दिव्याची काळजी करणे व्यर्थ आहे.

हा विषय दूर देशीच्या परिचारिकांचा म्हणून सोडून देता येत नाही. इचलकरंजीचे यंत्रमाग रात्रंदिवस चालतात. उसाच्या हंगामात साखर कारखान्यांची चाके थांबत नाहीत, तीन पाळ्यांत माणसे येतात आणि जातात. पुण्यातील संगणक कंपन्यांत बसलेली मुले अमेरिकेचा दिवस भारताच्या रात्रीत जगतात. कारखाने आणि माग चालविणाऱ्यांत जैन समाजातील मंडळीही आहेत. स्वतः सूर्यास्तापूर्वी जेवणारा मालक आणि त्याच्या मागावर मध्यरात्री डबा उघडणारा कामगार, हे दोघे एकाच वास्तूतील रहिवासी आहेत. रात्रपाळी अपरिहार्य असेल तेथे ती सतत त्याच माणसाच्या वाट्याला येऊ नये, दर दोन-तीन दिवसांनी पाळी उलटसुलट फिरू नये, दोन पाळ्यांमध्ये पुरेशी झोप मिळावी, आणि स्त्री कामगारांना स्तनतपासणीची सोय असावी, एवढे तरी मालकाच्या हाती असते. अहिंसेची व्याप्ती स्वतःच्या ताटापुरती ठेवावयाची की नाही, हा प्रश्न येथे उभा राहतो.

आता आजोबा आणि नातवाच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. जेवणाच्या वेळेसंबंधी माणसांवरचा पुरावा रात्रपाळीच्या पुराव्याहून थोडा आहे. स्पेनमधील २०१८ च्या एका अभ्यासात रात्री ९ पूर्वी जेवणाऱ्या किंवा जेवण आणि झोप यांत दोन तासांहून अधिक अंतर ठेवणाऱ्या लोकांत स्तनाच्या व प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळले. अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगातून बाहेर आलेल्या २,४१३ स्त्रियांच्या माहितीचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचे रात्रीचे निराहार अंतर १३ तासांपेक्षा कमी होते, त्यांच्यात रोग उलटण्याचे प्रमाण ३६ टक्क्यांनी अधिक होते. मृत्यूच्या प्रमाणात मात्र ठाम फरक आढळला नाही. दोन्ही अभ्यास निरीक्षणाचे आहेत. जो वेळेवर जेवतो तो बहुधा वेळेवर झोपतो, व्यसनापासूनही दूर राहतो. मग श्रेय नेमके कशाला द्यावयाचे? म्हणून नातवाला प्रामाणिक उत्तर असे: लवकर जेवणे घड्याळाच्या लयीला धरून आहे, त्याचा लाभ होण्याची शक्यता दिसते, परंतु त्याने कर्करोग टळतो असे सिद्ध झालेले नाही.

आणि आजोबांनाही एक गोष्ट नम्रपणे सांगणे प्राप्त आहे. आचार्य अमृतचंद्रांनी 'पुरुषार्थसिद्ध्युपाय' या ग्रंथात रात्रिभोजनत्यागाचा विचार केला आहे तो हिंसा आणि राग यांच्या संदर्भात. अंधारात सूक्ष्म जीवांचा घात होतो आणि रात्रीच्या भोजनात आसक्ती तीव्र असते, अशी त्यांची भूमिका आहे. देहाचे आरोग्य हा त्या व्रताचा आधार नव्हता. आज त्याला कर्करोगाचे औषध म्हणून उभे केले, तर उद्या एखादा विरुद्ध निष्कर्ष आल्यावर व्रतच डळमळीत होईल. व्रताला प्रयोगशाळेच्या दाखल्याची आवश्यकता नाही.

दुसरा धोका अधिक दुःखद आहे. घरात एखाद्या सुनेला वा मुलाला कर्करोग झाला, की "बाहेर रात्री-अपरात्री खाणे, म्हणूनच झाले," असा शब्द सहज निघून जातो. या विज्ञानात त्याला कोणताही आधार नाही. आयुष्यभर चौविहार करणाऱ्यांनाही कर्करोग होतो. वय, तंबाखू, आनुवंशिक दोष, विषाणू, आणि पेशीविभाजनात आपोआप होणाऱ्या चुका अशी कारणे एकत्र येतात. कोणा एका रुग्णाकडे बोट दाखवून त्याच्या जेवणाच्या वेळेवर रोगाचा भार टाकणे शास्त्राला धरून नाही, आणि करुणेलाही नाही.

उपचारांच्या वेळेबाबतही घड्याळाचा विचार झाला आहे. फ्रान्समधील फ्रान्सिस लेव्ही यांनी मोठ्या आतड्याचा कर्करोग पसरलेल्या १८६ रुग्णांना केमोथेरपीची औषधे दिवस-रात्रीच्या लयीनुसार दिली. १९९७ च्या अहवालानुसार तोंड येण्यासारखा तीव्र त्रास ७६ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आला आणि गाठ आकसण्याचे प्रमाण २९ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर गेले. मोठी आशा निर्माण झाली. पण २००६ साली ५६४ रुग्णांवरील चाचणीत एकूण आयुर्मर्यादेत फरक पडला नाही. पुरुषांना लाभ झाला, तर स्त्रियांना तीच वेळ उलट घातक ठरली. स्त्री-पुरुषांचे घड्याळ एकसारखे नसावे, असा त्याचा एक अर्थ. लखनौच्या वैद्यकीय महाविद्यालयात गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेणाऱ्या स्त्रियांत सकाळी उपचार झालेल्यांना आतड्यांचा त्रास संध्याकाळच्या गटापेक्षा अधिक झाल्याचे २०१० साली प्रसिद्ध झाले. झुरिकच्या संशोधकांनी २०२२ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या ३० स्त्रियांचे रक्त तपासले, तेव्हा रक्तात फिरणाऱ्या कर्कपेशींपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक पेशी झोपेच्या वेळी घेतलेल्या नमुन्यांत सापडल्या. म्हणून झोप घातक, असा अर्थ कोणी काढू नये, झोप हवीच. तपासणीचे रक्त केव्हा घ्यावे आणि औषध केव्हा द्यावे, हा विचार या शोधाने पुढे आणला आहे. आज बहुतेक रुग्णालयांत उपचाराची वेळ यंत्र आणि खाट केव्हा मोकळी आहे यावर ठरते. रुग्णाने अनुकूल वेळेची वाट पाहत उपचार लांबविणे मात्र सर्वथा चुकीचे होय.

व्रतस्थ रुग्णांसाठी एक व्यावहारिक बाब उरते. चौविहार करणारे काही रुग्ण केमोथेरपीच्या दिवसांत सायंकाळनंतर पाणी आणि गोळ्या वर्ज्य करतात आणि डॉक्टरांना ते सांगत नाहीत. काही औषधांबरोबर भरपूर पाणी पोटात जाणे मूत्रपिंडासाठी आवश्यक असते, आणि उलटीवरील गोळी चुकली तर दुसरा दिवस फार जड जातो. पर्युषणातील उपवास आणि केमोथेरपीची तारीख एकत्र आली, तर तेही आधीच सांगावयास हवे. दिवसातून एकदा घ्यावयाच्या अनेक गोळ्यांची वेळ डॉक्टरांना विचारून सकाळवर आणता येते. ज्यांची येत नाही, त्या रात्री घ्याव्या लागतात. श्वेतांबर परंपरेतील प्रत्याख्यानाच्या पाठातच 'आगार' म्हणजे सवलती सांगितलेल्या आहेत, आणि तीव्र व्याधीत समाधी टिकावी म्हणून औषध घेण्याची मोकळीक त्यांत आहे. दिगंबर कुटुंबांनी आपल्या गुरूंना, श्वेतांबर कुटुंबांनी आपल्या महाराजसाहेबांना हे विचारून घ्यावे, आणि मिळालेले उत्तर रुग्णाच्या कानी घरातील मोठ्या माणसाने स्वतः घालावे. आजारी मनुष्य आपण होऊन ते विचारीत नाही.